हलतोय

“नळी काढली आणि त्याला श्वास घेणं झेपलं नाही, तर ती परत घालायची का नाही, हे मला तुमच्या दोघांकडून आधी कळलं पाहिजे,” तांबोळी डॉक्टर म्हणाले.

आमचे हे खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. त्यांनी खिशातला मोबाइल काढला, बघितला, परत ठेवला आणि घसा खाकरून म्हणाले, “नको.”

“काय नको?” मी विचारलं.

“परत नको घालायला. बास झालं त्याचं.”

“तुमचं झालं असेल बास!” माझा आवाज बाहेरच्या बाकड्यांपर्यंत गेला असणार. “डॉक्टर, तुम्ही घालायची. दहा वेळा काढावी लागली तर दहा वेळा घालायची. मी आई आहे त्याची, मी सांगते.”

तांबोळी डॉक्टर वयस्कर माणूस. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात त्यांचे केस पिकले होते, आणि ते कधी आवाज चढवायचे नाहीत. तेव्हाही चढवला नाही. “ताई, परत घातली तर पुढं नुसत्या नळीवर भागायचं नाही. गळ्याला भोक पाडून मशीन कायमचं जोडावं लागेल. आणि त्यातनं तो उठून बसेल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. पडून राहील. किती दिवस, तेही नाही सांगता येत. तुम्ही दोघं बोला. उद्या सकाळी नळी काढायची, त्याच्या आत मला सांगा. आज दुपारी दातांच्या डॉक्टर येतायत, तेवढं त्याचं तोंड बघून घेऊ.”

“दातांच्या?” ह्यांचा आवाज एकदम चढला. “पोराचा जीव चाललाय डॉक्टर, आणि तुम्ही दात काय बघताय त्याचे?”

“ताप उतरतो आणि परत येतो, तो कशानं येतो म्हणता? त्याला गिळता येत नाही. तोंडातली घाण नळीच्या कडेकडेनं छातीत उतरते. आणि त्याचं वय दात पडायचं आहे. नळी ओढताना एखादा सुटा दात श्वासनळीत गेला, तर उद्या त्याला जी काही संधी आहे, ती पण आपण घालवली असं होईल.”

आम्ही उठलो.

रणजित आमचा एकुलता एक. बार्शीत सगळे त्याला रण्या म्हणायचे. पाठीच्या कण्यातल्या नसा वाळत जायचा आजार होता त्याला, जन्मापासूनचा. नसा वाळल्या की त्यांच्यावर चालणारे स्नायू पण जातात. आधी पाय गेले, म्हणजे आलेच नव्हते म्हणा. मग मान. मग हात. डोकं मात्र अस्सं तल्लख, की विचारू नका. माझं पार्लर होतं घराच्या पुढच्या खोलीत, आणि हा चार उशा लावून कोपऱ्यात बसलेला. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या टोप्या उडवायचा. एकदा एका बड्या घरच्या बाईंना म्हणाला, “काकू, भुवयांसोबत मिशी पण करून घ्या, मम्मी नाही म्हणणार नाही.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्या बाई एवढ्या हसल्या की त्यांच्या एका भुवईचं काम अर्ध्यावर थांबवावं लागलं.

पहिलीत नाव घातलं होतं. पाढे तोंडपाठ. पहिलीची परीक्षा झाली आणि त्याला सर्दी झाली. आपल्याला सर्दी होते, तशीच साधी. पण त्याला खोकता येत नव्हतं ना. छाती भरली. बार्शीच्या डॉक्टरांनी सोलापूरला पळवा म्हणून सांगितलं, आणि सोलापुरात आल्या आल्या तोंडातनं नळी घालून त्याला मशीनवर घेतलं. त्या आजारपणात होती नव्हती ती बोटं पण गेली. राहिले डोळे आणि भुवया.

भुवया म्हणजे माझा धंदा. त्यामुळं आमचं दोघांचं जमलं. भुवया वर केल्या की हो, डोळे मिटले की नाही. सिस्टरांना ते नीट कळायचं नाही, कारण भुवई अगदी केसभर उचलायची. मला कळायचं. ह्यांनाही हळूहळू कळायला लागलं होतं. एवढ्यावर तो आमच्याशी बोलायचा.

आणि घरून रोज सासूबाईंचा फोन. हॅलो नाही, जेवलात का नाही. पहिला शब्द, “हलतोय का गं?” त्याच्या जन्मापासून त्या बाईनं दुसरं काही विचारलंच नव्हतं. तान्हा असताना त्याला परातीत अंघोळ घालताना त्याच्या पायांकडं बघत बसायच्या आणि विचारायच्या, हलतोय का, आज हलतोय का. ह्यांना पण तीच सवय लागली होती. बाहेरनं आले की चप्पल काढायच्या आत विचारायचे, हलला का आज? बोट तरी? आमच्या घरात हलणं या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता बघा.

डॉक्टरांच्या खोलीतून आम्ही जिन्यात आलो. हे पायरीवर बसले. ह्यांचा मंडप-स्पीकरचा धंदा, त्यामुळं आवाज मुळातच मोठा, हळू बोलायचं म्हटलं तरी अख्ख्या जिन्याला ऐकू जायचं.

“वैजू, किती भोसकायचं त्याला? हाताला सुया, नाकात नळी, तोंडात नळी, आता गळ्याला भोक. तुला दिसत नाही का?”

“मला दिसतंय. आणि मी त्याला विचारतेय. तुम्ही विचारता का? रोज सकाळ-संध्याकाळ विचारते, रण्या, दुखतंय का? डोळे मिटतो. नाही म्हणतो. तोंडात दुखतंय का? नाही. घशात दुखतंय का? नाही. कंटाळा आलाय का? नाही. पोरगं स्वतः सांगतंय दुखत नाही म्हणून, आणि तुम्ही त्याचा बाप असून त्याला मारायला निघालात?”

फार वाईट बोलले मी. पण मागं घेतलं नाही. ते पायरीवरची धूळ बोटानं पुसत बसले.

“मारायला नाही गं,” ते म्हणाले. “सोडवायला.”

“त्याला सुटायचं नाहीये. तो नाही म्हणतोय.”

“एखादं बोट जरी हललं असतं ना, तर मी तुला एका शब्दानं अडवलं नसतं. म्हटलं असतं, आहे, काहीतरी शिल्लक आहे. राहू दे वर्षभर, दोन वर्षं. मी मशीन घरी आणलं असतं, जनरेटर आहे आपल्याकडं. पण काहीच नाही वैजू. काहीच हलत नाही.”

मी उठून आत गेले. नाक शिंकलं, तोंड धुतलं, आणि दुपारची वाट बघत बसले.

दातांच्या डॉक्टर आल्या त्या अगदी तरुण होत्या. हत्तुरे त्यांचं आडनाव. लहान मुलांचेच दात बघायच्या. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात डोक्याला बांधायचा दिवा. आत एका वेळी एकच नातेवाईक, असा नियम होता. त्या म्हणाल्या, “त्याचं हो-नाही कुणाला कळतं?”

“मला.”

“मग आई, तुम्ही चला. मला त्याला विचारून काम करायचंय.”

हे दारापाशीच थांबले. दाराला काच होती, पण रण्याच्या कॉटभोवती हिरवा पडदा ओढला, त्यामुळं त्यांना काहीच दिसायचं नाही.

हत्तुरे डॉक्टर रण्याच्या कानाशी वाकल्या. “रणजित, मी गायत्रीमावशी. तुझे दात मोजायला आलेय. दुखलं की मम्मीला सांगायचं, मी लगेच थांबते. चालेल?”

भुवया वर.

“चालेल म्हणतोय,” मी सांगितलं.

त्याचा जबडा आखडला होता, दोन बोटंसुद्धा जायची नाहीत. त्यांनी रबराचा एक छोटा तुकडा बाजूनं दातांत सरकवला, सिस्टरनी नळी धरून ठेवली, आणि सक्शनचा फुर्र आवाज सुरू झाला. वास आला. मला तो वास गेले काही दिवस येत होता, पण मी म्हणायची, औषधांचा असेल. डॉक्टर कापसाच्या बोळ्यानं पुसत होत्या, ओढून घेत होत्या, परत पुसत होत्या. दातांवर पिवळा थर, हिरड्या सुजून लाल. सिस्टर बिचाऱ्या रोज पुसायच्या, पण एवढ्याशा फटीतनं आत कितीसं जाणार?

मग डॉक्टरांचा हात थांबला.

“आई, इकडं या. हे बघा.”

मी वाकले. दिव्याच्या उजेडात खालचा एक पुढचा दात आत कलंडलेला दिसला. त्याची कड बरोबर जिभेवर टेकली होती. जीभ त्याला हलवता येत नव्हती. नळीनं ती खाली दाबलेली, आणि खालनं तो दात. जिभेला खड्डा पडला होता. खड्ड्याच्या कडा पांढऱ्याफट्ट, मध्ये लाल.

“हे आजचं नाहीये,” डॉक्टर म्हणाल्या. “बरेच दिवस झालेत. किती दुखलं असेल हो ह्याला.”

“नाही डॉक्टर,” मी म्हणाले. “दुखत नाही त्याला. रोज विचारते मी.”

बोळ्याचं टोक त्यांनी त्या खड्ड्याला अगदी अलगद लावलं. वरच्या मॉनिटरवर ठोक्यांचा आकडा भरभर चढायला लागला, आणि रण्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातनं पाणी निघून कानात गेलं.

“रण्या, दुखतंय?” मी विचारलं.

डोळे मिटले. नाही.

“बघा,” मी म्हणाले. “उजेड लागतोय त्याच्या डोळ्याला. म्हणून पाणी येतंय.”

सिस्टरनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. मला तिचा असा राग आला म्हणता! काय समजते ही स्वतःला, माझं पोरगं मला कळत नाही आणि हिला कळतं?

डॉक्टरांनी बधिर करायचं औषध लावलं, थोडं सुईनं पण दिलं. मग त्या दाताला बोटानं चाचपून बघितलं आणि तोंडावर मास्क, शेजारी मशीनचा आवाज, सक्शनचा आवाज, त्यामुळं मोठ्यानं ओरडल्या, “हलतोय! सिस्टर, चांगलाच हलतोय! दोरा द्या लवकर, दोरा!”

दोरा एवढ्यासाठी, की दात सुटलाच तर घशात जाऊ नये. दोरा ट्रेमध्ये नव्हता. सिस्टर पडदा सारून, दार उघडून पळतच बाहेर गेली. दार तसंच उघडं राहिलं.

आणि बाहेरनं आमच्या ह्यांचा आवाज आला.

“हलतोय? डॉक्टर, हलतोय?”

“हो हो, खूप हलतोय!” हत्तुरे डॉक्टर मान न वळवता म्हणाल्या. त्यांना वाटलं, कोणीतरी स्टाफमधलंच विचारतंय. बोट त्यांनी त्या दातावर दाबून धरलं होतं.

मग मी जे ऐकलं, ते जन्मात विसरणार नाही. नवरात्रात, गणपतीत, शेकडो लग्नांत ह्या माणसाचा आवाज मी स्पीकरवर ऐकला होता. असा आवाज कधी ऐकला नव्हता. “हलतोय! हलतोय ओ! माझा रण्या हलतोय! आई, हॅलो, आई, हलतोय गं पोरगं! आत्ता! आत्ता हलला! डॉक्टरीणबाई स्वतः बोलल्या!” बाहेर बाकड्यांवर बसलेली माणसं उठल्याचा आवाज, कोणीतरी “देवा रे” म्हणालं, कोणीतरी टाळ्याच वाजवल्या. ज्यांची पोरं आत होती, तीच सगळी माणसं. फोनमधनं सासूबाईंचं रडणं इथपर्यंत आल्यासारखं मला वाटलं. “नारळ फोड आई, भगवंताच्या देवळात नारळ फोड!”

मी रण्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

सिस्टर दोरा घेऊन आली, दार लागलं. डॉक्टरांनी दाताला दोरा बांधला, आणि दात अगदी सहज आला, जोर लावावाच लागला नाही. शेजारचाही सुटा होता, तोही काढला. रक्त पुसलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. आत्ता त्यांच्या लक्षात आलं होतं. “आई,” त्या हळूच म्हणाल्या, “त्यांना वाटलं की…”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत पडदा सरकला. हे आत आले होते. नियम-बियम सगळा धाब्यावर. मास्क उलटा बांधलेला, डोळ्यांना धार लागलेली. सिस्टरनी अडवलं नाही.

“रण्या! वाघा! हललास ना तू? पप्पांनी ऐकलं. हललास ना?”

रण्यानं आधी माझ्याकडं बघितलं. नुसतं क्षणभर. मग बापाकडं.

भुवया वर केल्या. केसभर नाही. जेवढ्या जातील तेवढ्या वर.

“हात?”

भुवया वर.

“उजवा? उजवा हात?”

भुवया वर.

ह्यांनी त्याचा उजवा हात उचलून तोंडाला लावला आणि त्या हाताचे मुके घेत सुटले. मग डोळे पुसून माझ्याकडं वळले. “वैजू, तुझं खरं होतं. चुकलो मी. मी आत्ता जाऊन तांबोळी डॉक्टरांना सांगतो, घालायची परत. भोक पाडू दे, काय करायचं ते करू दे. हलतंय पोरगं माझं!” आणि आले तसे निघून गेले.

हत्तुरे डॉक्टर ट्रेजवळ उभ्या होत्या. दोन्ही दात कापसावर ठेवलेले. “मी सांगू का त्यांना?” त्या म्हणाल्या.

“थांबा,” मी म्हणाले.

खरं सांगते, मला पहिल्यांदा आनंद झाला. मला पाहिजे होतं ते आपोआप झालं होतं. मी नुसतं गप्प बसायचं. उद्या नळी निघाली, नाही झेपलं, तरी परत घालतील. रण्या राहील. वर्षभर राहील, दोन वर्षं राहील. मी घरी नेईन त्याला, पार्लरच्या खोलीत कॉट टाकीन, बायका येतील-जातील, तो भुवया उडवेल. एवढंच तर मागत होते मी.

मी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले.

“काय रे चोरा,” मी म्हणाले. “पप्पांना थापा मारतोस?”

तो बघत राहिला. हो नाही, नाही नाही.

“हात हलला का रे तुझा, खरंच?”

डोळे मिटले. नाही.

“मग हो का म्हणालास?”

ह्याला तो काय उत्तर देणार? हो-नाहीतलं उत्तरच नव्हतं ते. आणि मला ते ऐकायची गरजही नव्हती. मला उगाचच त्याची जीभ दिसत राहिली, तो खड्डा, पांढऱ्या कडा. सकाळी मी विचारलं होतं, तोंडात दुखतंय का? नाही. काल विचारलं होतं. परवा विचारलं होतं. मी स्टुलावर बसून, त्याच्या केसांतनं हात फिरवत, तोंडावर हसू आणून विचारायची, आणि तो माझ्या तोंडाकडं बघायचा आणि डोळे मिटायचा. दात जिभेत रुतलेला, आणि हा डोळे मिटायचा. मला काय ऐकायचं असायचं, हे त्याला माझ्या तोंडावर दिसायचं. आत्ता बापाच्या तोंडावर दिसलं, तसंच.

त्याच्या ‘नाही’वर मी सगळ्यांशी भांडत होते. नवऱ्याशी, डॉक्टरांशी, देवाशी. आणि त्या ‘नाही’त काही नव्हतंच. सात वर्षांचं पोरगं मला सांभाळत होतं.

मी त्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि बाहेर आले.

हे व्हरांड्यात माणसांच्या घोळक्यात उभे होते. कुणीतरी पेढे आणले होते. ते एकेकाच्या हातावर ठेवत होते. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना जिन्यात ओढत नेलं.

“तांबोळी डॉक्टर राऊंडला गेलेत,” ते म्हणाले, “आले की सांगतो. तू पेढा घे आधी.”

“अहो, दात.”

“काय दात?”

“दात हलत होता. त्या दाताबद्दल बोलत होत्या. रण्याचा दात हलत होता.”

ते माझ्याकडं बघून हसले. खरंच हसले. “अगं, मी विचारलं की त्याला. हो म्हणाला. तुझ्यासमोर.”

“तुमच्यासाठी म्हणाला.”

“हात म्हणाला. उजवा म्हणाला!”

“तुम्ही डावा म्हणाला असतात तर डाव्याला पण हो म्हणाला असता. आणि मला रोज नाही म्हणतो ना, ते पण असलंच आहे. जिभेला भोक पडलंय त्याच्या. मी बघितलं डोळ्यांनी. दुखतंय त्याला. सगळं दुखतंय. आपण रडू नये म्हणून सांगत नाही.”

त्यांच्या हातात पेढ्याचा पुडा तसाच होता. त्यांनी तो पायरीवर ठेवला आणि स्वतःही बसले, सकाळी बसले होते तिथंच. मी पण बसले. खालनं कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याची चाकं वाजत होती.

“तुला गप्प बसता आलं असतं,” ते म्हणाले. “तुझ्याच मनासारखं झालं असतं.”

“हो.”

“मग?”

“कुणासाठी ठेवायचं हो त्याला? आपल्यासाठी?”

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंचा. ह्यांनी उचलला, आणि फोनमधला आवाज मला पण ऐकू आला. “नारळ फोडला रे बाळा. पाणी एकदम गोड निघालं. कुठला हात हलला म्हणालास? गुरवीणबाई विचारतायत.”

ह्यांनी डोळे मिटून घेतले. “उजवा, आई,” ते म्हणाले. “हो. हो, चांगला हलला. वरपर्यंत. तू जेवून घे.”

फोन ठेवला आणि भिंतीला डोकं लावून ते असे रडले, की वरच्या मजल्यावरची माणसं वाकून बघायला लागली.

संध्याकाळी आम्ही दोघं तांबोळी डॉक्टरांकडं गेलो. मीच सांगितलं. परत घालू नका. डॉक्टरांनी मला ‘नक्की ना’ असं विचारलं नाही, ह्याचे उपकार आहेत माझ्यावर. एवढंच म्हणाले, “त्याला घुसमटू देणार नाही. औषध देऊ. तुम्ही दोघं जवळ राहा, नियम राहू दे बाजूला.”

सकाळी नळी काढली. तोंड स्वच्छ होतं, ताप नव्हता, नळी निघताना काहीही अडलं नाही. नाकावर मास्क लावला. नळी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांमुळं गालावर वळ उठले होते. कितीतरी दिवसांनी मला त्याचे ओठ दिसले, खालच्या दोन दातांची खिडकी दिसली. आणि तो श्वास घेत होता! छाती आत, पोट वर, असा उलटासुलटा, पण घेत होता. आमच्या दोघांच्या तोंडावर काय दिसलं असेल कुणास ठाऊक, त्यानं भुवया उडवल्या.

अकराच्या सुमाराला तो दमायला लागला. कपाळावर घाम आला. सिस्टरनी सलाईनमधनं काहीतरी सोडलं. मी पुढं वाकले, आणि सवयीनं माझ्या तोंडाशी आलंच, रण्या, दुख…

ह्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

“विचारू नकोस,” ते म्हणाले. जिन्यात घुमणारा तो आवाज, पण मलासुद्धा जेमतेम ऐकू आला. “काही विचारू नकोस त्याला. आपण विचारलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.”

मग मी विचारलं नाही. पण गप्प तरी कसं बसायचं? तो आवाजाकडं कान लावून असायचा. त्याच्या कॉटमागं खिडकी होती, त्याला ती दिसायची नाही. मी त्याला बाहेरचं सांगायला लागले. समोरच्या गच्चीवर एक जाडजूड बाई गाद्या वाळत घालायला आलीय. एकटीच ओढतेय. नवरा खुर्चीत पेपर वाचतोय, ढिम्म हलत नाही. आता तिनं त्याच्या अंगावर उशी फेकली बघ. आता तो उठला. आता दोघं मिळून गादी कठड्यावर टाकतायत, पण कठडा आहे अरुंद आणि गादी आहे ही एवढी. ह्यांनी त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला होता आणि ते पण ऐकत होते. मधेच मला बोलवेना झालं, तर ते म्हणाले, पुढं, पुढं सांग.

“पुढं काय, गादी घसरतेय,” मी म्हणाले. “ती बाई एक टोक धरतेय, हा बाबा दुसरं टोक धरतोय. भांडतायत. बाईनं सोडली, ह्यानं पण सोडली, आणि गेली की रे गादी खाली! खाली भाजीची गाडी उभी आहे, थेट तिच्यावर! भाजीवाला वर बघून शिव्या घालतोय. आता ही बया त्याला काय सांगणार रे?”

निसटलंच तोंडातनं. प्रश्न होता तो.

मी खिडकीकडनं मान वळवली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग आम्ही दोघांनी त्याच्या भुवयांकडं बघितलं. डोळे अर्धवट उघडे होते. उत्तर द्यायला एवढा वेळ त्यानं कधीच लावला नव्हता. आम्ही थांबलो. भुवई केसभरही हलली नाही. तांबोळी डॉक्टर पडदा सारून आत आले, आम्हाला बघून तिथंच उभे राहिले. ह्यांनी त्यांना हातानं थांबा अशी खूण केली.

“बोल रे,” हे त्याला म्हणाले. “काहीपण बोल.”